सॉफ्टवेअरमधला 'हॉल' बाहेर काढता येतो का? टाळीच्या एका फाइलची गोष्ट

यूट्यूबवर कुठलंही गाजलेलं गाणं शोधा. दोन-चार व्हिडिओ सोडले की त्याचं 'स्लोड प्लस रिव्हर्ब' व्हर्जन हमखास सापडतं. गाणं थोडं संथ केलेलं, आणि गायक एखाद्या मोठ्या रिकाम्या हॉलमध्ये लांब उभा राहून गातोय असा भास. रात्री हेडफोन लावून ऐकायचं आणि उगाच उदास व्हायचं, असा एकंदर कार्यक्रम.

पण तो हॉल येतो कुठून? व्हर्जन बनवणारा पोरगा तर आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसलेला असतो.

हॉल येण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे शुद्ध गणित. दुसरा म्हणजे खऱ्याखुऱ्या हॉलमध्ये जाऊन रेकॉर्ड केलेली काही सेकंदांची छोटीशी फाइल. या फाइलला म्हणतात इम्पल्स रिस्पॉन्स, आणि साउंडवाल्यांच्या बोलण्यात नुसतं 'आयआर'. कंपन्या जगभरातल्या चर्च, थिएटर, स्टुडिओंचे आयआर गोळा करतात, सॉफ्टवेअरमध्ये बसवतात, कुलूप लावतात आणि विकतात.

मग प्रश्न येतोच. पैसे देऊन घेतलेल्या सॉफ्टवेअरमधला हॉल बाहेर काढता येतो का? काढला तर तो तसाच वाजतो का? आणि काढलेला चालतो का?

थोडक्यात उत्तर असं: काढणं सोपं आहे, तसाच वाजेल याची खात्री नाही, आणि चालतं की नाही हे तुम्ही नेमकं काय काढलं यावर ठरतं. आता सविस्तर बघू.

आधी रिव्हर्ब म्हणजे काय ते

आपल्याकडे साउंड सिस्टिमवाल्याला सरसकट 'माइकला जरा एको वाढव' असं सांगतात. पण एको आणि रिव्हर्ब या दोन गोष्टी आहेत. डोंगरासमोर हाक मारली आणि तीच हाक थोड्या वेळाने वेगळी ऐकू आली, तर तो एको, म्हणजे प्रतिध्वनी. नव्या फ्लॅटमध्ये सामान यायच्या आधी टाळी वाजवली की जो एकसंध 'झंऽऽ' ऐकू येतो, तो रिव्हर्ब. आवाज भिंती, छत, फरशी यांवरून हजारो वेळा आपटतो, सगळे पडसाद एकमेकांत मिसळतात आणि हळूहळू विरतात. सोफा-पडदे आले की हा झंकार गायब होतो, कारण कापड आवाज शोषून घेतं.

याचा पहिला शास्त्रशुद्ध अभ्यास केला अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या वॉलेस सबाइन यांनी. १८९५ मध्ये विद्यापीठाच्या फॉग म्युझियममधल्या लेक्चर हॉलची तक्रार त्यांच्याकडे आली. प्राध्यापकाचा एक शब्द विरायला साडेपाच सेकंदांच्या आसपास लागायचे, तोवर पुढचे कितीतरी शब्द बोलून झालेले असायचे. सबाइन रात्री शांततेत ऑर्गन पाइप आणि स्टॉपवॉच घेऊन बसायचे. शेजारच्या थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून हॉलमध्ये मांडायचे आणि आवाज किती वेळात विरतो ते मोजायचे. यातून खोलीचं आकारमान, शोषण आणि आवाज विरण्याचा वेळ यांचं सूत्र निघालं. आजही कुठल्याही हॉलचं मोजमाप करताना आवाज ६० डेसिबलने खाली यायला किती सेकंद लागतात हे बघतात. त्याला 'आरटी ६०' म्हणतात.

बाथरूम, पत्रा आणि गणित

रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर स्टुडिओवाल्यांना हाच झंकार हवाहवासा वाटू लागला. १९४७ मध्ये शिकागोत बिल पटनम यांनी हार्मोनिकॅट्स या गटाच्या गाण्यासाठी चक्क बाथरूममध्ये स्पीकर आणि माइक ठेवून तो मिळवला. १९५७ मध्ये जर्मनीच्या ईएमटी कंपनीने 'ईएमटी १४०' आणलं. मोठ्या चौकटीत ताणून बसवलेला पोलादी पत्रा, तो आवाजाने थरथरणार आणि ती थरथर रेकॉर्ड होणार. वजन सुमारे २७० किलो!

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जच्या मॅनफ्रेड श्रोडर यांनी गणितातून रिव्हर्ब तयार करायची पद्धत मांडली. आवाज थोडा थांबवायचा, परत आत फिरवायचा, पुन्हा थांबवायचा. हा झाला अल्गोरिदमवाला रिव्हर्ब. १९७८ चं लेक्सिकॉन २२४ हे याच घराण्यातलं गाजलेलं यंत्र.

यातला कुठलाच हॉल खरा नव्हता. खरा हॉल हवा असेल तर वेगळीच युक्ती लागते.

एका टाळीत अख्खा हॉल

समजा तुम्ही एका मोठ्या चर्चमध्ये उभे आहात आणि एकच कडक टाळी वाजवली. टाळी क्षणात संपली. त्यानंतर जे काही ऐकू आलं, ती सगळी त्या वास्तूची करामत. कुठली भिंत किती लांब, दगड कुठे, लाकूड कुठे, जाड आवाज किती वेळ टिकतो, बारीक आवाज किती लवकर मरतो, हे सगळं त्या शेपटीत आलं. ही शेपटी रेकॉर्ड केली की झाला इम्पल्स रिस्पॉन्स.

आता तुमचं गाणं घ्या. कॉम्प्युटरसाठी गाणं म्हणजे आकड्यांची लांबलचक रांग, सेकंदाला ४८ हजार आकडे. यातला प्रत्येक आकडा म्हणजे एक छोटीशी टाळी समजा. मोठा आकडा म्हणजे जोरात टाळी, छोटा म्हणजे हळू. प्रत्येक टाळीमागे त्या चर्चची शेपटी जोडायची आणि सगळ्या शेपट्यांची बेरीज करायची. झालं, तुमचं गाणं चर्चमध्ये. या जोडण्या-बेरजेला गणितात कन्व्होल्यूशन म्हणतात.

ऐकायला सोपं आहे, पण हिशेब करून बघा. तीन सेकंदांची शेपटी म्हणजे १ लाख ४४ हजार आकडे. गाण्यातल्या प्रत्येक आकड्यासाठी तेवढे गुणाकार. म्हणजे एका सेकंदाच्या गाण्यासाठी, एका चॅनेलला, सुमारे ६९१ कोटी गुणाकार. 'फास्ट फूरिए ट्रान्सफॉर्म' नावाच्या गणिती शॉर्टकटने हा आकडा प्रचंड खाली येतो. तरीही हे काम लाइव्ह करणारं यंत्र बाजारात यायला १९९९ उजाडलं. सोनीचं डीआरई-एस७७७. त्यात सीडी-रॉम घातली की एकेक जागा लोड व्हायची. २००१ मध्ये नेदरलँड्सच्या ऑडिओ ईज कंपनीने 'अल्टिव्हर्ब' हे प्लगइन आणलं आणि खरे हॉल साध्या कॉम्प्युटरवर आले.

पिस्तूल, फुगा आणि 'सुंईऽऽ'

प्रत्यक्षात टाळी पुरत नाही. ती पुरेशी मोठी नसते आणि दर वेळी सारखीही नसते. मग लोक काय काय वापरतात?

स्कॉटलंडमध्ये इंचिनडाउन इथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या, डोंगराच्या पोटात बांधलेल्या तेलाच्या टाक्या आहेत. ध्वनितज्ज्ञ ट्रेव्हर कॉक्स यांनी तिथे पिस्तुलातून खोटी गोळी झाडून मोजमाप केलं. जाड आवाजाला, म्हणजे १२५ हर्ट्झला, विरायला ११२ सेकंद लागले. या मापाची गिनेस बुकात विक्रम म्हणून नोंद झाली.

इस्तंबूलच्या हागिया सोफियात गायला परवानगी नव्हती. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या टीमने २०१० मध्ये तिथे फुगे फोडले आणि ते रेकॉर्ड केलं. त्या काही सेकंदांच्या फायलींमधून वास्तूचा सुमारे ११ सेकंदांचा रिव्हर्ब परत उभा केला आणि कापेला रोमाना या गायकवृंदाने त्या आभासी हागिया सोफियात बायझंटाइन स्तोत्रं गायली. २०१९ मध्ये त्याचा अल्बम आला. गायकांनी हे रेकॉर्डिंग अमेरिकेत बसून केलं, हे विशेष.

तिसरी पद्धत सगळ्यात भरवशाची. स्पीकरवरून अगदी जाड आवाजापासून अगदी बारीक आवाजापर्यंत चढत जाणारा 'सुंईऽऽ' वाजवायचा. याला स्वीप म्हणतात. इटलीतल्या पार्मा विद्यापीठाच्या अँजेलो फरिना यांनी २००० मध्ये ही पद्धत नीट बसवून दिली. रेकॉर्ड झालेल्या आवाजातून मूळ स्वीप गणिताने वजा केला की शुद्ध आयआर उरतो. या उलट्या गणिताला डीकन्व्होल्यूशन म्हणतात. स्पीकरने आवाजात जी खरखर घातली असेल तीही यात वेगळी काढता येते.

मग सॉफ्टवेअरमधून कसा निघतो?

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. एखाद्या प्लगइनमधला हॉल आवडला, पण त्याची फाइल कंपनीने आपल्या खास फॉरमॅटमध्ये बंद करून ठेवलीय. मग काय?

गंमत अशी की कुलूप फाइलला असतं, आवाजाला नसतं. प्लगइनला शेवटी आवाज बाहेर सोडावाच लागतो. आणि चर्चमध्ये जे करता येतं ते प्लगइनमध्येही करता येतं. आत टाळी सोडायची, बाहेर येईल ते रेकॉर्ड करायचं. उलट इथे काम जास्त सोपं, कारण सॉफ्टवेअरच्या आत पंखा फिरत नाही, रस्त्यावर हॉर्न वाजत नाही. म्हणून बहुतेक वेळा स्वीपचीही गरज पडत नाही. पद्धत अशी:

१. एक पूर्ण शांत ट्रॅक घ्यायचा आणि त्यात फक्त एकच आकडा, म्हणजे एक सॅम्पल, मोठा ठेवायचा. बाकी सगळे शून्य. ही झाली डिजिटल टाळी.

२. प्लगइनमध्ये मूळ आवाज पूर्ण बंद करायचा आणि रिव्हर्ब १०० टक्के ठेवायचा. मूळ आवाज राहिला तर पुढे तो दोनदा ऐकू येतो.

३. मॉड्युलेशन, डिस्टॉर्शन, कॉम्प्रेसर, मुद्दाम घातलेली जुन्या यंत्राची खरखर, असं जे जे असेल ते बंद करायचं.

४. शेपटी पूर्ण विरेपर्यंत फाइल एक्स्पोर्ट करायची. ३२-बिट फ्लोट ठेवायचं, म्हणजे शेवटचा बारीक आवाज कापला जात नाही.

५. स्टीरिओ हवा असेल तर आधी फक्त डावीकडे टाळी, मग फक्त उजवीकडे. दोन्ही वेळा डावा-उजवा आउटपुट घ्यायचा. असे चार चॅनेल मिळतात आणि त्याला 'ट्रू स्टीरिओ' म्हणतात.

६. ही फाइल कुठल्याही कन्व्होल्यूशन प्लगइनमध्ये टाकायची. फाइल ज्या सॅम्पल रेटवर काढली तोच पुढे आहे का ते बघायचं, नाहीतर हॉल लहान-मोठा होतो.

स्वीपनेच करायचं असेल तर ॲपलच्या लॉजिक प्रोसोबत 'इम्पल्स रिस्पॉन्स युटिलिटी' येते. स्वीप वाजवणं आणि उलटं गणित करणं, दोन्ही कामं ती करते.

शेवटी परीक्षा. तेच गाणं मूळ प्लगइनमधून आणि आपल्या आयआरमधून वेगवेगळं काढायचं. एकाची पोलॅरिटी उलटी करून दोन्ही एकत्र वाजवायचे. दोन्ही हुबेहूब असतील तर एकमेकांना खाऊन टाकतील आणि शांतता उरेल. जेवढं ऐकू येईल तेवढी आपली नक्कल कच्ची.

टाळीत जे सापडत नाही

आणि इथेच अनेकांची नक्कल कच्ची निघते. का?

आयआर हा फोटो आहे, व्हिडिओ नाही. तो एकाच क्षणाचा, नॉबच्या एकाच सेटिंगचा असतो. हॉल मोठा करायचा नॉब फिरवला की नवा फोटो काढावा लागतो.

त्याहून मोठी अडचण म्हणजे या गणिताच्या दोन अटी. एक, यंत्राने आज जे केलं तेच दहा सेकंदांनी करायला हवं. दोन, आवाज दुप्पट आत सोडला तर दुप्पटच बाहेर यायला हवा. दगडी चर्च या दोन्ही अटी बऱ्यापैकी पाळतं. पण लेक्सिकॉनसारख्या जुन्या डिजिटल यंत्रांचं सगळं सौंदर्यच पहिली अट मोडण्यात आहे. आतले डीले सतत थोडे थोडे हलत असतात, त्यामुळे शेपटी जिवंत वाटते. त्याचा आयआर काढला तर गोठलेला एक क्षण हाती येतो. छोट्या तबल्याच्या बोलावर फरक कळणार नाही, पण लांब खेचलेल्या आलापावर लगेच कळतो. शेपटी धातूसारखी, ताठर वाटते.

हे तपासायला सोपी ट्रिक आहे. पाच-सहा वेगवेगळ्या वेळी तीच डिजिटल टाळी सोडा. दर वेळी शेपटी वेगळी आली तर समजा, या यंत्राचा खरा आयआर अस्तित्वातच नाही.

आता मुद्द्याचं: हे चालतं का?

इथे एक फरक समजून घ्यायला हवा, कारण कृती एकच दिसते पण हाती दोन वेगळ्या गोष्टी येतात.

समजा प्लगइन गणितावर चालणारं आहे. टाळी आत सोडली, शेपटी बाहेर आली. ही शेपटी आधी कुठे रेकॉर्ड केलेली नव्हती, ती त्या क्षणी तयार झाली.

आता समजा प्लगइन कन्व्होल्यूशनचं आहे. टाळी आत सोडली तर बाहेर काय येईल? गणित नीट बघा. एका टाळीला शेपटी जोडली की शेपटीच उरते. म्हणजे कंपनीच्या माणसांनी परवानग्या काढून, माइक-स्पीकर वाहून नेऊन, रात्री जागून जे रेकॉर्डिंग केलं, जवळपास तेच रेकॉर्डिंग तुमच्या हातात आलं. कुलूप न तोडता आतला माल बाहेर.

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाला स्वतंत्र संरक्षण आहे. ज्यात ते मुद्रण सामावलंय असं दुसरं मुद्रण बनवण्याचा हक्क कलम १४ नुसार मालकाचा. त्यामुळे दुसऱ्या प्रकारातली फाइल पॅक करून वाटणं किंवा विकणं हा सरळ धोका आहे. दुसऱ्या बाजूला, कायदेशीररीत्या घेतलेलं सॉफ्टवेअर कसं चालतं त्याचं निरीक्षण, अभ्यास, चाचणी करायला कलम ५२ मध्ये सूट आहे. युरोपियन युनियनच्या न्यायालयानेही २०१२ मध्ये एसएएस विरुद्ध वर्ल्ड प्रोग्रामिंग या खटल्यात सांगितलं की सॉफ्टवेअर जे काम करतं, त्या कामावर कॉपीराइट नसतो.

फाइलचं एन्क्रिप्शन तोडणं हा तिसराच प्रकार. २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५अ नुसार, हक्काचं उल्लंघन करण्याच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. अमेरिकेचा १९९८ चा डीएमसीए कायदा तर कुलूप तोडण्यालाच गुन्हा धरतो.

याशिवाय आपण न वाचता 'आय ॲग्री' दाबतो तो करार असतोच. त्यात सॅम्पलिंगला मनाई असेल तर गणितवाल्या प्लगइनचाही आयआर काढून विकणं अंगाशी येऊ शकतं. टेलिग्रामवर फिरणारे 'फ्री आयआर पॅक' व्यावसायिक कामात वापरण्याआधी म्हणूनच दोनदा विचार करा. पॅक कुणी बनवला आणि कशातून काढला, हे त्यावर लिहिलेलं नसतं.

मग लोक हा उद्योग करतात कशाला?

सगळेच चोर नसतात. सॉफ्टवेअर मरतं, हे खरं कारण. गिगास्टुडिओ हे एकेकाळचं मोठं नाव. त्यात 'गिगापल्स' नावाचा कन्व्होल्यूशन रिव्हर्ब होता. २००८ मध्ये टॅस्कॅमने गिगास्टुडिओच बंद केलं. तुमचं अर्धवट गाणं अशा सॉफ्टवेअरवर उभं असेल, किंवा सबस्क्रिप्शन संपलं आणि प्रोजेक्ट उघडताना प्लगइनच्या जागी रिकामा चौकोन दिसला, तर तो आवाज परत कुठून आणणार? म्हणून साउंडवाले एक सवय लावून घेतात. काम संपलं की रिव्हर्बचा ट्रॅक वेगळा एक्स्पोर्ट करून ठेवतात. ज्या आवाजासाठी पैसे मोजलेत, तो आपल्याच गाण्यात जपण्याचा हा सगळ्यात साधा आणि बिनधोक मार्ग.

आणि जपण्याची किंमत पॅरिसला विचारा. ब्रायन काट्झ आणि त्यांच्या टीमने २०१३ मध्ये नोत्र दाम कॅथेड्रलच्या आत ध्वनीचं मोजमाप केलं होतं. १५ एप्रिल २०१९ ला आग लागली, छत कोसळलं. डिसेंबर २०२४ मध्ये कॅथेड्रल पुन्हा उघडलं. पण आगीआधीचं कॅथेड्रल नेमकं कसं घुमायचं, याचा हिशेब या मोजमापामुळे जगाकडे शिल्लक राहिला.

फुकट आणि स्वच्छ मार्ग

इंग्लंडच्या यॉर्क विद्यापीठाची 'ओपनएअर' नावाची लायब्ररी आहे. तिथे यॉर्क मिन्स्टरसारख्या वास्तूंचे आयआर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मिळतात. प्रत्येक फाइलचा परवाना वेगळा असतो, तेवढा वाचून घ्या.

दुसरा मार्ग त्याहून भारी. स्वतःचा आयआर काढा. एक फुगा, एक टाचणी आणि बऱ्यापैकी रेकॉर्डर एवढंच लागतं. परवानगी घ्या, गर्दी नसलेली वेळ निवडा, मोबाइल बंद करा, फुगा फोडा आणि शेपटी पूर्ण विरेपर्यंत जागचे हलू नका. गावातलं देवळाचं सभागृह असेल, कॉलेजचा जिना असेल, किंवा पुढच्या वर्षी रिडेव्हलपमेंटला जाणारा आजोबांचा वाडा असेल.

वाड्याचे फोटो घरात सगळ्यांकडे असतील. तो घुमायचा कसा, याची फाइल मात्र तुमच्याशिवाय कुणाकडे नसेल. आणि त्या फाइलवर कुलूपही नसेल.